सोळा माणसांची होडी

कुपवाड,
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

ती. आक्का,

दंडवत. खरा दंडवत घालायला रहिमतपूरला यायला पाहिजे, पण सध्या दुकान सोडून मला हलता येत नाही. होडी झाली. पुरी झाली, रंगासकट.

फोन करत नाही, कारण तुझ्या कानातलं मशीन फोनला शिट्ट्या मारतं आणि दाजींच्या मोबाईलवर काही पाठवावं तर ते सगळ्या आळीला मोठ्यानं वाचून दाखवतात. शिवाय फोनवर आकृती काढता येत नाही. ती सोबत जोडली आहे, नीट घडी उलगड. तळ सपाट, दोन्ही टोकं वर उचललेली, पत्रा तीन मिलिमीटरचा, वेल्डिंग आतून आणि बाहेरून. दोन्ही अंगांना आतून हवाबंद पेट्या केल्यात. होडीत काठोकाठ पाणी भरलं तरी बुडत नाही. हे ऐकीव नाही, बेडगच्या पाव्हण्याच्या शेततळ्यात मी पाणी भरून बघितलंय. इंजिन तेवढं कंपनीचं, त्याचे कागद आहेत. बाकी सगळं या हातांचं.

लोखंडच का, हे तुला सांगायला नको. एकोणीस साली तू पंचमीला माहेरी आलीस आणि पुरात सापडलीस. गावची जुनी लाकडी होडी फळी निसटून कलंडली. तानुबाई काकू पाण्यात पडल्या. काढल्या खऱ्या, पण छातीत पाणी गेलेलं, छावणीतच त्या गेल्या. मी इकडं कुपवाडात अडकलेलो, रस्त्यावरनं पाणी. तेव्हाच मनाशी पक्कं केलं होतं की फळी असलेली होडी आपल्या घाटाला परत लागणार नाही.

आता नुसती होडी करून भागत नाही. ती ग्रामपंचायतीच्या नावावर नोंदवायची, नोंदणीला तपासणीचा दाखला पाहिजे, आणि दाखल्याविना पुराच्या कामाला काढली तर माझ्यावर आणि सरपंचावर गुन्हा. आपला सरपंच जयराज म्हणाला, "अण्णा, पावसाच्या आत दाखला आणा, मग होडी घाटावर. न्हाईतर ती ट्रॉलीच हाय."

अर्ज द्यायला गेलो. त्यात 'बांधणी करणाऱ्या यार्डाचे नाव' असा रकाना. मी लिहिलं, 'स्वतः'. कारकुनानं चष्मा वर केला. "स्वतः नावाचं यार्ड कुठं आहे?"

म्हटलं, कुपवाडात.

"कुपवाडात नदी कुठाय?"

म्हटलं, विमानाच्या कारखान्यात आभाळ असतं का?

अर्ज घेतला त्यानं. शिक्का जरा जोरात मारला.

आई गावाहून येऊन बघून गेली. पत्र्यावर काठी वाजवली आणि म्हणाली, "लोखंड तरंगतंय व्हय रं कुठं? उगं न्हाई तुला पाचवीत विज्ञानात नापास केलं." नापास कोणी केलं होतं, आक्का? गावच्या शाळेत तूच तर नवीन मास्तरीण होतीस.

तीस वर्षं मी उसाच्या ट्रॉल्या बांधतोय. माझी एक ट्रॉली भाराखाली वाकलेली कोणी दाखवावी. म्हणून तपासणीच्या आधीच, पुढच्या टोकाला पांढऱ्या रंगानं लिहून टाकलंय : माणसे १६.

सहा वर्षांत एक पंचमी तू माहेरी केली नाहीस. यंदा ये. आता होडी आहे.

तुझा,
ज्ञानू

*

रहिमतपूर,
२० फेब्रुवारी २०२५

चि. ज्ञानू,

अनेक आशीर्वाद, त्यातले निम्मे तुझ्या शुद्धलेखनाला.

पत्र पोचलं, आकृती पोचली. दाजींनी भिंग लावून बघितली आणि "अगदी आमच्या फौजेतल्या बोटीसारखी" असा निकाल दिला. दाजी फौजेत भटारखान्यात होते हे ध्यानात ठेवून त्या निकालाचं काय ते मोल कर.

तुला नापास मीच केलं. 'बर्फ पाण्यावर का तरंगतो' या प्रश्नाला तू लिहिलं होतंस, 'हे मी स्वतः पाहिले आहे.' पाहिलं असशील, पण का ते लिहायचं होतं. तुझी ती खोड अजून गेलेली नाही. त्या कारकुनाला विमान-आभाळ सुनावून काय मिळालं? त्याच्या टेबलावरून तुझा कागद पुढं जायचाय. पुढच्या वेळी जाशील तेव्हा जीभ दुकानात ठेवून जा.

होडी देखणी आहे, यात शंका नाही. पण आकृतीत दोन गोष्टी मला खटकल्या. बाकं एवढी उंच का घेतलीस? आणि माणसं बसणार कुठल्या बाजूला तोंड करून?

पंचमीचं बघू. गुडघे फार धरतात अलीकडे. एसटीची पायरी चढवत नाही.

आईला नमस्कार सांग.

तुझी,
आक्का

*

कुपवाड,
रविवार, १६ मार्च २०२५

ती. आक्का,

नमस्कार. पत्र पोचलं. जीभ दुकानात ठेवली होती, तरी कारकुनानं मला ओळखलं. "या, स्वतः यार्ड!" म्हणाला. पण खुर्ची दिली. म्हणजे तुझं ऐकल्याचा फायदा झाला, हे मान्य.

तुझ्या शंकांचं उत्तर देतो. बाकं उंच, कारण होडीच्या तळात थोडं पाणी साचतंच, बायकांची लुगडी भिजू नयेत. ट्रॉलीत मजूर बसवायला करतो तीच उंची, पाय दुखत नाहीत. आणि तोंड अर्थातच पुढं. एसटीत बसतो तसं. दुसरीकडं कुठं करणार?

खात्यानं आकृती परत पाठवली. म्हणे स्थिरतेचा हिशोब जोडा. कारकून म्हणाला, "इंजिनिअरकडनं करून घ्या." मला राग आला. सांगलीच्या वाचनालयात बसून पुस्तकं काढली, इंग्रजी होती, अक्षर अक्षर लावत वाचली. होडीचा भार कुठं एकवटतो आणि पाणी तिला कुठनं उचलून धरतं, या दोन जागा काढायच्या असतात. काढल्या. आकृती तीनदा परत काढली, कारण दुसऱ्यांदा काढताना रेघ जाड आली होती. आता कागद मंजूर आहे, फक्त प्रत्यक्ष तपासणी राहिली.

होडी घाटावर न्यायची म्हणजे ट्रॉलीवर चढवून. वाटेत पोलिसानं अडवलं. "हे काय?" होडी. "ट्रॉलीवर?" म्हटलं, साहेब, रस्त्यावर पाणी नाही म्हणून. तो हसला आणि सोडलं. सगळीच माणसं कारकून नसतात.

काल घाटावर मी माझी चाचणी घेतली. सोळा माणसांच्या वजनाइतकी वाळूची पोती बाकांवर ओळीनं मांडली आणि संथ नदीत होडी फिरवली. आक्का, तू बघायला पाहिजे होतीस. पाण्यावर ताट ठेवावं तशी. काठ पाण्यापासून चांगला हातभर वर. पोरांनी शिट्ट्या मारल्या. जयराजनं नारळ फोडला.

आई घाटावर बसून होती. मी उतरलो तशी म्हणाली, "पोत्याला काय, पोतं गप बसतंय."

तिचं आपलं काहीतरी. तिला अजून लोखंड तरंगतं हेच पटलेलं नाही.

निरीक्षक मॅडम पुढच्या महिन्यात येणार. दाखला मिळाला की पेढे घेऊन मीच येतो, गुडघ्यांना तेलही आणतो.

तुझा,
ज्ञानू

*

कुपवाड,
रविवार, २७ एप्रिल २०२५

आक्का,

नापास.

निरीक्षक मॅडम आल्या. वयानं आपल्या लेकीसारख्या, पायात गमबूट, हातात टेप. साताऱ्याच्या आहेत. पहिला तासभर मला बरं वाटलं. वेल्डिंगवर हात फिरवला, हातोडीनं ठोकून आवाज ऐकला, हवाबंद पेट्यांची झाकणं उघडून आत बॅटरी मारली. म्हणाल्या, "काका, जोड सुरेख आलेत." मी म्हटलं, दुसरं कोणी तीन मिलिमीटरला असा जोड देऊन दाखवावा.

मग पोती चढवायला सांगितली. चढवली. होडी ताठ. मग म्हणाल्या, "आता यातली उजवीकडची उचला आणि सगळी डाव्या बाजूला ठेवा."

म्हटलं, का?

"बघायचंय."

ठेवली. होडी कलली. कलणारच की. काठ पाण्यापासून चार बोटांवर आला. त्यांनी टेप लावला, वहीत लिहिलं आणि म्हणाल्या, "यात सोळा माणसं बसवता येणार नाहीत. बाकं उंच आहेत. सगळी एका अंगाला झाली तर पाणी आत येईल."

मी म्हटलं, मॅडम, पोती आपणहून डावीकडं चालत जात नाहीत.

"पोती नाही जात," म्हणाल्या. "माणसं जातात."

म्हटलं, का जातील? मी सांगीन ना, जागेवर बसा म्हणून. आमच्या गावची माणसं आहेत, जनावरं नाहीत.

त्यांनी टेप गुंडाळला. कागदावर शेरा मारला : 'सुधारणा करून पुन्हा सादर करावे.' जाताना म्हणाल्या, "काका, होडी चांगली आहे. म्हणूनच नाही म्हणते."

हे काय बोलणं झालं? चांगली आहे म्हणून नाही! आक्का, खरं कारण मला कळतं. हीच होडी पुण्या-मुंबईच्या कंपनीनं पाठवली असती, बिल्ला लावून, तर पोती इकडनं तिकडं कोणी केली नसती. कुपवाडच्या ट्रॉलीवाल्यानं केली, म्हणून.

मी रंग खरवडणार नाही. सोळा म्हणजे सोळा. एक काम कर. दाजींच्या पलटणीतल्या साहेबांचा मुलगा मुंबईला मंत्रालयात आहे ना? दाजींना एक फोन करायला सांग. दाजी नाही म्हणणार नाहीत. पाऊस महिन्यावर आलाय, आणि घाटावर सध्या एक फुटका तराफा आहे. खालच्या आळीतली घरं त्या तराफ्यावर काढायची का?

ज्ञानू

*

रहिमतपूर,
४ मे २०२५

चि. ज्ञानू,

दाजी फोन करणार नाहीत. मी त्यांना तुझं पत्र दाखवलं नाही. हे माझं पत्रही त्यांनी वाचलेलं नाही, आणि तू आईपुढं वाचू नकोस.

हे मी तुला सहा वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं की नको होतं, अजून माझं मला ठरवता आलेलं नाही. आता तू त्या मुलीला चुकीचं ठरवायला निघालास, म्हणून सांगते.

फळी निसटली नव्हती.

होडी जुनी होती, पण शाबूत होती. माणसंही फार नव्हती. नावाडी मोजून घेत होता, उरलेल्यांना "आलोच परत" म्हणून थांबवत होता. काकू, आई आणि मी एकाच फेरीत होतो. सगळ्यांची तोंडं पुढं, बांधाकडं. तू म्हणतोस तशी, एसटीतल्यासारखी. नावाडी दर दोन वल्ह्यांनी सांगत होता, "हलू नगा, जाग्यावर बसा." आणि आम्ही बसलो होतो. आपल्या गावची माणसं जनावरं नाहीत, हे तुझं खरं आहे.

थोडं अंतर गेल्यावर आईनं मागं वळून बघितलं. गोठ्याच्या पत्र्याला पाणी टेकलं होतं. म्हैस पोहत होती, गळ्यात कासरा तसाच. आई ओरडली, "माझी म्हस!"

उठलं कोणीच नाही रे. नुसते वळलो. आपली आळी डाव्या हाताला मागं पडत होती, म्हणून सगळे डावीकडनं वळलो. प्रत्येकाला वाटलं, आपलंही एकदा बघून घ्यावं, परत दिसतं न दिसतं. मीही वळले. मला आपल्या दारावरचं तोरण बघायचं होतं. पंचमीला मीच बांधलेलं.

होडी डाव्या काठावर कलंडली. काकू त्या काठाला होत्या.

छावणीत कोणीतरी म्हणालं, "फळी निसटली आसंल." आई शेजारीच बसली होती. ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. तिच्याकडं बघून मीही गप्प राहिले. त्या होडीतलं दुसरंही कोणी बोललं नाही. तेव्हापासून सगळा गाव त्या फळीला धरून बसलाय, आणि तू तर तिच्यावर लोखंडी होडी उभी केलीस.

त्या मॅडम एकोणीस साली आपल्या घाटावर नव्हत्या आणि त्यांनी आपली आळी पाण्यात बघितलेली नाही. तरी त्यांनी तेच करून बघितलं जे आम्ही केलं होतं. त्यांच्या वहीत ते कुठून आलं असेल, याचा विचार कर. असं दुसरीकडंही कुठंतरी झालं असणार.

माझे गुडघे ठणठणीत आहेत.

आक्का

*

कुपवाड,
रविवार, १५ जून २०२५

ती. आक्का,

तुझ्या पत्राला उत्तर दिलं नाही. राग आला होता, आणि कोणाचा ते ठरवता येईना. म्हणून ट्रॉल्या केल्या.

मग वाटलं, बघितल्याशिवाय मानायचं नाही. तू म्हणशील, हीच खोड. असू दे.

दुकानातले सहा गडी आणि गावातली पोरं मिळून सोळा जमवले. सगळ्यांना तरंगायची जाकिटं घातली आणि घाटाजवळ कंबरभर पाण्यात होडी घेतली. कडेला दोर धरून माणसं उभी केली. गड्यांना एवढंच सांगितलं की मॅडम येणारायत, त्याची तालीम आहे, काही झालं तरी हलायचं नाही. आणि जयराजला गुपचूप सांगून ठेवलं की तुझ्या मनाला येईल तेव्हा काठावरनं ओरड.

होडी जरा सरकली आणि जयराज ओरडला, "आवं अण्णा, तुमची गाडी पेटली!"

सगळे वळले. आक्का, मीही वळलो. गाडी मीच सावलीत लावून आलेलो, ओरडायला मीच सांगितलेलं, गाडी पेटलेली नाही हे मला पक्कं ठाऊक, तरी मान गेली आणि मानेमागनं अंग गेलं. पाणी काठावरनं असं आत आलं की चार गडी माझ्या अंगावर. कंबरभरच पाणी, कोणाला काही झालं नाही. पोरं खिदळत होती. जयराज तर घाटावर बसून हसत होता.

मी काही हसलो नाही. पाण्यात उभा राहून आधी मला काकू आठवल्या, आणि मग त्या मॅडमच्या तोंडावर मी काय काय बोललो ते.

दुसऱ्या दिवशी बाकं कापली. आता ती तळापासून वीतभरच वर आहेत. लुगडी भिजतील, भिजू देत. मधोमध धरायला नळी टाकली. हिशोब परत मांडला. सोळा बसत नाहीत. बारा बसतात, असं माझं मत.

पण वळण्याचं काय? भार खाली आणला तरी माणूस वळणार. आधी मी पाटी रंगवली, 'मागे पाहू नये'. दुकानातला थोरला गडी म्हणाला, "अण्णा, आसं लिवलं की आदी मागंच बघत्यात." खरं आहे. पाटी काढली.

आठ दिवस ते डोक्यात घेऊन फिरलो. ज्याचं घर पाण्यात चाललंय त्याला घराकडं बघू नको असं कोणत्या तोंडानं सांगायचं? बघू दे की. बाकंच उलटी बसवली. आता बसणाऱ्याचं तोंड मागं, गावाकडं. ज्याला जेवढं बघायचंय तेवढं बघ, मान वळवायचं कामच नाही. पुढं बघायचं ते फक्त इंजिन धरणाऱ्यानं. परत सोळा माणसं नव्हे, बारा बसवली, परत जयराजला ओरडायला लावलं. बाराच्या बारा नुसती बघत बसली. काठ जागचा हलला नाही.

आईनं विचारलं, "उलटी का रं केलीस?" मी म्हटलं, वारं तोंडावर येऊ नये म्हणून. तिनं माझ्याकडं बघितलं आणि ती चहा टाकायला घरी गेली.

सोळा खरवडला. मीच खरवडला, गड्याला सांगितलं नाही. नवा आकडा मॅडम सांगतील तो.

पुन्हा अर्ज दिलाय. नवीन आकृती सोबत. पाऊस सुरू झालाय, पण धरणं अजून रिकामी आहेत. तारीख मिळेपर्यंत रोज सकाळी त्या कार्यालयात जाऊन उभा राहतो. भांडत नाही, नुसता उभा राहतो.

ज्ञानू

*

रहिमतपूर,
२१ जून २०२५

चि. ज्ञानू,

तुझं पत्र दोनदा वाचलं. या खेपेला का ते लिहिलंयस. पास.

तारीख मिळाली की कळव. आणि त्या मुलीशी बाराचा वाद घालू नकोस.

आक्का

*

कुपवाड,
रविवार, १३ जुलै २०२५

ती. आक्का,

बाराचा वाद घातला. हरलो. ऐक आता सगळं क्रमानं.

मंगळवारी मॅडम आल्या. मी आधीच सांगून टाकलं, मागच्या वेळी मी वाकडं बोललो, ते मनावर घेऊ नका. त्या म्हणाल्या, "काका, मला 'आधी पोहायला शिकून या' म्हणणारे पण भेटतात. तुम्ही बरेच." मग टेप काढला.

पोती डावीकडं, पोती उजवीकडं, पोती पुढं, पोती मागं. सगळं मापून झाल्यावर बाकांपाशी थांबल्या.

"ही उलटी का?"

मी म्हटलं, मॅडम, गाव सोडणारा माणूस गावाकडं बघणारच. मागच्या वेळी तुम्ही म्हणालात ना, माणसं जातात. मी तपास केला, कुठं जातात आणि का जातात. म्हणून ती जिकडं जाणार तिकडंच त्यांची तोंडं केली.

आईचं नाव काढलं नाही, काकूंचंही नाही. मॅडमनी पण तपास कसला ते विचारलं नाही. त्यांनी वही मिटली. मग म्हणाल्या, "आमच्या नियमात असं काही नाही."

म्हटलं, नाही म्हणजे?

"नाही म्हणजे मनाई नाही."

त्यांनी जाकीट चढवलं आणि गावातल्या नऊ माणसांबरोबर स्वतः बाकावर बसल्या. जयराजला म्हणाल्या, "ओरडा काय ओरडायचं ते." जयराजला ऐन वेळी सुचेना. तो ओरडला, "च्या झालाय!" तरी सगळ्यांनी बघितलं. पण बघितलं ते समोर. टेपला काही कामच राहिलं नाही.

मग आकडा. मी म्हटलं, बारा. हिशोब दाखवला. त्यांनी तपासला, चूक निघाली नाही, तरी म्हणाल्या, "दहा."

"हिशोबात बारा येतायत ना?"

"हिशोबात माणसं रिकाम्या हातानं येतात. पुरात येतात तेव्हा काखेत पोर असतं, डोक्यावर गाठोडं असतं. दहा."

आक्का, ती तुझ्यासारखी आहे. दहा म्हणजे दहा. अकरावा शब्द नाही. प्रत्येकाला जाकीट, बाहेरून चौफेर धरायला दोर, आणि चालवणाऱ्याचं प्रशिक्षण. दोर परवाच ओवून झाला. प्रशिक्षण मीच घेतोय, रोज पहाटे.

दाखला परवा हातात आला. 'बांधणी करणाऱ्याचे नाव' या ओळीत माझं नाव छापलंय. यार्डाच्या ओळीत कारकुनानं स्वतः लिहिलंय, 'कुपवाड'. नदीचं काही विचारलं नाही.

पंचमी एकोणतीसला आहे.

ज्ञानू

*

रहिमतपूर,
१९ जुलै २०२५

चि. ज्ञानू,

येते. दाजींना घेऊन येते, त्यांना बोटीबद्दल चार शब्द बोलू दे, अडवू नकोस.

एकच सांगून ठेवते. मी घाटावर येईन, होडी बघीन, तिला हळदकुंकू लावीन. आत बसायला सांगू नकोस. यंदा एवढंच.

आक्का

*

कुपवाड,
रविवार, २४ ऑगस्ट २०२५

ती. आक्का,

तू घाबरली असशील, म्हणून आधी हे : सगळी सुखरूप आहेत. म्हशी आधीच वर बांधावर नेल्या होत्या. आईनं कोणाला सांगायची वाट बघितली नाही, पाणी वाढतंय म्हटल्यावर कासरा स्वतःच्या हातानं सोडला.

परवा पाणी घाट चढून खालच्या आळीत शिरलं. एकोणीससारखं नाही, त्या मानानं काहीच नाही. पण अंगणात गुडघाभर झालं आणि वरनं धरणातनं पाणी सोडणार असा निरोप आला, म्हणून जयराजनं आळी रिकामी करायची ठरवली. दहा-दहानं काढली. अकरावा आला की जयराज त्याचा दंड धरून म्हणायचा, "म्होरच्या खेपंला, मॅडमनी सांगितलंय." लोकांनी मॅडमना बघितलेलं, त्यामुळं कोणी हुज्जत घातली नाही. मॅडमनी काखेतल्या पोरांचं म्हटलं होतं ते तंतोतंत खरं निघालं. एकीच्या काखेत पोर आणि पोराच्या काखेत कोंबडी.

आई येईना. "मी माळ्यावर बसती, मला काय धाड भरलीया." शेवटच्या खेपेपर्यंत तिनं दारातलं पाणी झाडून काढलं. मग आपणहून काठी टेकत आली, जाकीट घालून घेतलं आणि म्हणाली, "कुठं बसू?" म्हटलं, कुठंही बस. ती पार मागच्या बाकावर बसली. म्हणजे बाकं उलटी, त्यामुळं माझ्या अगदी समोर.

होडी सुटली. जयराज धरून दहा माणसं, तो सोडून सगळी गावाकडं तोंड करून. पाणी गढूळ होतं, ओढ होती. मी काठावर नजर ठेवून होतो. काठ हलला नाही. आळी हळूहळू मागं जात होती. आपलं दार दिसत होतं. तू पंचमीला बांधलेलं तोरण अजून होतं.

तेवढ्यात पोटरीला काठीचं टोक लागलं.

"सर की बाजूला. तुझं थोबाड मदी यायलंय."

म्हटलं, आई, इंजिन मागंच असतंय, मला हलता येत न्हाई.

"मग खाली बस. त्या येळंला नीट बघायचं ऱ्हायलं माझं. आता पोटभर बघू दे."

आक्का, मी इंजिनाचा दांडा धरून तळावर बसलो. जितकं खाली बसता येतं तितकं बसलो. तिथनं मला पुढचं काही दिसत नव्हतं. जयराज पुढच्या टोकाला बसून डावं-उजवं सांगत होता आणि मी तसं तसं वळवत होतो. तिच्याकडं बघितलं नाही. होडी बांधाला लागली तशी ती उठली. उतरताना माझ्या डोक्यावर हात टेकून उतरली, तो आधाराला की कशाला, ते तिचं तिला माहीत.

पण चालवणाऱ्याला पुढचं दिसत नाही, हे बरोबर नाही. परवा जयराज होता म्हणून निभावलं. इंजिन नऊ इंच डावीकडं घ्यायला पाहिजे, म्हणजे त्याला नीट बसता येईल आणि तोही कोणाच्या घराच्या आड येणार नाही. डावीकडं वजन वाढेल, त्याला उजवीकडं तेवढंच वजन द्यावं लागेल. आकृती काढून झाली आहे, सोबत एक प्रत जोडतो. दाजींना दाखव.

बदल केला की परत अर्ज, परत तपासणी. उद्या सकाळी जातो. मॅडमना आधी खरं काय ते सांगून टाकतो, की परवा मी खाली बसून होडी चालवली. त्या ओरडतील. ओरडू देत.

तुझा,
ज्ञानू